ड्रिफ्लून, सात महिने वापरल्यानंतर: सगळी तक्रार शुक्रवारची

सोमवारी रात्री माझ्या जुन्या डीएसची, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राची, बॅटरी फुगली. मागच्या झाकणाचा स्क्रू सैल केला तर झाकण आपोआप वर आलं आणि आत बॅटरी उशीसारखी गोल झालेली. जूनमध्ये साडेसहाशे रुपये मोजून बसवली होती. तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "एक वर्ष बिनधास्त वापरा." आता म्हणतो, "सहा महिन्यांच्या वर कोणी बघत नाही." पावतीवर काहीच लिहिलेलं नाही. अर्धा तास वाद घातला, शेवटी निम्मे पैसे भरून नवी घेतली.

बॅटरीचं रडगाणं ड्रिफ्लूनच्या अनुभवात आणतोय, कारण पोकेमॉन डायमंड या खेळात ड्रिफ्लून हा पोकेमॉन, म्हणजे पकडून लढवायचा प्राणी, मिळणं न मिळणं शेवटी घड्याळावर ठरतं आणि डीएसचं घड्याळ बॅटरीवर जगतं. बॅटरी पूर्ण उतरली किंवा काढली की तारीख थेट 1 जानेवारी 2000 वर जाते. तो दिवस शनिवार होता. ड्रिफ्लून येतो फक्त शुक्रवारी.

तो कसा दिसतो, कुठे सापडतो हे इथे येणाऱ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात: भूत आणि उडणारा असा दुहेरी प्रकार, उंची 0.4 मीटर, वजन 1.2 किलो, जांभळा फुगा, डोक्यावर पांढरा ढग, तोंडावर पिवळी फुली, खाली दोन दोऱ्या आणि त्यांच्या टोकांना पिवळे बदाम. व्हॅली विंडवर्क्सच्या पवनचक्क्यांपाशी मार्स या खलनायिकेला हरवलं की त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी इमारतीच्या दारासमोर एक येऊन तरंगत राहतो. लेव्हल 22.

हा 22 आकडा बघूनच मी हट्टाला पेटलो. मार्सचा पोकेमॉन पर्युग्ली असतो लेव्हल 16 चा. आपली टीम त्याच्याच आसपास. अशा वेळी 22 चा पोकेमॉन दारात उभा असेल तर तो न घेता पुढे जाणं म्हणजे बाजारात फुकट मिळणारी भाजी सोडून मॉलमध्ये जाण्यासारखं. मी ठरवलं, हा मिळाल्याशिवाय इटर्नाच्या जंगलात पाय ठेवायचा नाही. आणि तिथेच महिना गेला.

आमच्या चिपळूणकडच्या भागात शुक्रवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाईट जाते, ती दुपारी कधीतरी येते. पहिल्या शुक्रवारी नऊला लाईट गेली आणि फ्लोरोमा टाउनपर्यंत पोचेतो जुनी बॅटरी संपली. संध्याकाळी चार्ज करून चालू केला तर तारीख 2000 सालची. हाताने शुक्रवार लावला, विंडवर्क्सला गेलो, दार मोकळं. तारीख हाताने बदलली की दिवसाशी बांधलेल्या गोष्टी 24 तास बंद राहतात, हे तेव्हा कळलं. 24 तासांनी शनिवार. दुसऱ्या शुक्रवारी रात्रभर चार्जिंग करून बसलो तरी बॅटरीने मध्येच मान टाकली. पुन्हा तेच.

म्हणून नवी बॅटरी टाकली. दुकानदाराने माझ्या समोरच तारीख लावून दिली. तिसऱ्या शुक्रवारी दारासमोर कोणी नाही. सेटिंग उघडून पाहिलं तर त्याने एक दिवस मागची तारीख लावलेली, म्हणजे डीएसच्या मते आज गुरुवार. मी घाईघाईने ती दुरुस्त केली आणि पुन्हा 24 तास घालवले. हात न लावता बसलो असतो तर शनिवारी सकाळी ड्रिफ्लून समोर असता! ही चूक मला अजून बोचते, कारण ती माझ्या घाईची आहे.

चौथ्या शुक्रवारी तो होता. फुग्याच्या आकाराची ती छोटी आकृती पडद्यावर वरखाली होताना पाहिली आणि अक्षरशः हात थरथरले. माझ्या लक्सिओ या पोकेमॉनने स्पार्क हा विजेचा डाव मारला. विजेचा मार याला दुप्पट लागतो हे मला ठाऊक असून त्या क्षणी सुचलं नाही. ड्रिफ्लून एका घावात बेशुद्ध. खेळ त्यातल्या त्यात दयाळू आहे, पुढच्या शुक्रवारी नवा येतो. पाचव्या शुक्रवारी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पोकेमॉन पकडायचा, खेळातल्या पैशांत 200 वाला साधा पोके बॉल टाकला. तिसऱ्या बॉलमध्ये तो राहिला. खर्च 600. नाव ठेवलं फुगोबा. देवनागरी अक्षरं खेळात नाहीत म्हणून पडद्यावर ते रोमनमध्ये आहे, पण घरात सगळे फुगोबाच म्हणतात.

त्या रात्री मी एक टिपण लिहून ठेवलं होतं. त्यात होतं, "दिसायला गोड, कामाला फुसका. पाचपैकी दोन." तेव्हाचं मत तेच होतं आणि त्याला कारणं होती. याचा एचपी, म्हणजे जीव, 90 आहे खरा, पण बचाव फक्त 34. दगड, बर्फ, वीज, भूत, अंधार, काहीही लागतं. माझ्या फुगोबाची क्षमता आहे आफ्टरमॅथ: समोरच्याने अंगाला भिडणारा मार देऊन याला बेशुद्ध केलं तर त्या समोरच्याचा पाव एचपी जातो. ऐकायला छान. पण बेशुद्ध झालेल्याला उठवायला रिव्हाइव्ह लागतो आणि एक रिव्हाइव्ह 1500 चा. शत्रूचा पाव एचपी घ्यायला मी 1500 घालू? पोशन, म्हणजे औषध, जपून वापरणाऱ्याच्या गणितात हे बसत नाही. लेव्हल 28 ला त्याचा ड्रिफब्लिम, म्हणजे वाढलेलं रूप, झाला, एचपी 90 चा थेट 150, वजन 15 किलो, तरी बचाव 44 वरच. हार्टहोमच्या जिममध्ये फँटिनाच्या 32 लेव्हलच्या ड्रिफब्लिमसमोर माझा ड्रिफब्लिम उतरवला, तेव्हा भुताला भूत दुप्पट लागतं हा धडा माझ्या खर्चाने मिळाला.

माझं मत बदललं ते लढाईत नाही, धुक्यात.

रूट 210 चा वरचा भाग सेलेस्टिक टाउनकडे जातो आणि तिथे सतत धुकं असतं. धुक्यात दोघांचेही नेम चुकतात, लढाया लांबतात, पोशन जातात. आमच्या कुंभार्ली घाटात जुलै-ऑगस्टमध्ये गाडी चालवलेल्याला ती चिडचिड सांगायला नको, समोरचा ट्रक दिसायच्या आत त्याचा हॉर्न ऐकू येतो. धुकं हटवायला डिफॉग हे एचएम, म्हणजे वाट मोकळी करणारा खास डाव, लागतं आणि ते शिकणारे पोकेमॉन मोजकेच. यादी बघितली, फुगोबा शिकतो. मग सहज फ्लाय, म्हणजे उडून गावोगाव नेणारं एचएम, बघितलं. तेही शिकतो. कटसुद्धा शिकतो.

डायमंडमध्ये आठ एचएम आहेत आणि सहा जागांच्या टीममध्ये ते कुठे कोंबायचे ही प्रत्येकाची डोकेदुखी असते. सगळे त्यासाठी बिबरेल हा पोकेमॉन ठेवतात. बिबरेलला फ्लाय आणि डिफॉग सोडून बाकी सगळे एचएम येतात. म्हणजे बिबरेलला जे दोन जमत नाहीत तेच दोन फुगोबाला जमतात! मी वाटणी केली. कट, सर्फ, स्ट्रेंथ, वॉटरफॉल बिबरेलकडे. रॉक स्मॅश आणि रॉक क्लाइम्ब माझ्या इन्फर्नेप या पोकेमॉनकडे. फ्लाय आणि डिफॉग फुगोबाकडे, आणि त्याच्या उरलेल्या दोन जागांत मिनिमाइज (अंग लहान करून समोरच्याचा नेम चुकवणारा डाव) आणि शॅडो बॉल. शॅडो बॉल शिकवणारी वस्तू, टीएम 30, एकदा वापरली की संपते, त्यामुळे ती कुणाला द्यायची यावर मी आठवडाभर विचार केला होता. फुगोबाला दिली आणि पस्तावलो नाही. एका जागेचं भाडं भरून दोन खोल्या मिळाल्याचा तो आनंद होता. त्या दिवशी टिपणातले दोनचे साडेतीन केले.

एक गोष्ट मात्र खटकते. फ्लाय वापरलं की पडद्यावर एक पक्षी येतो आणि आपल्याला उचलून नेतो. कुठल्याही पोकेमॉनने फ्लाय केलं तरी तोच पक्षी. मी फुगोबाच्या दोरीला धरून खेळातल्या सिनोह प्रदेशावरून तरंगत जायची इतकी वाट पाहिली आणि आला कोण, तर पक्षी. सात महिने झाले, अजून प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

डायमंडच्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या माहितीकोशात, याच्याबद्दल लिहिलंय की माणसांच्या आणि पोकेमॉनच्या आत्म्यांपासून हा बनतो आणि याला दमट ऋतू आवडतो. मी जुलैमध्ये, भिंतीला ओल आलेल्या खोलीत बसून ते वाचलं. सिनोह हा जपानच्या होक्काइडोवरून बेतलेला प्रदेश, तिथला दमटपणा आणि आपला दमटपणा वेगळा. तरीही त्या ओळीने हा फुगा मला जवळचा वाटायला लागला. जपानीत याचं नाव फुवान्ते. फुवाफुवा म्हणजे हलकं, तरंगणारं. मराठीत तोंडाने म्हणून बघा, फुग्याचा फ त्यातही आहे.

पर्ल या जोडखेळातली नोंद वेगळी आहे. त्यात हा मुलांचे हात ओढून त्यांना पळवून न्यायला बघतो, पण उलट तोच ओढला जातो. ही ओळ मी माझ्या सात वर्षांच्या भाचीला सांगितली. तिने विचारलं, "मामा, तो वाईट आहे?" मी म्हटलं, "वजन किती त्याचं? सव्वा किलो. तुझं?" "बावीस." मग ती बराच वेळ गप्प बसून पडद्याकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला एकटं वाटत असेल." जत्रेतून फुगा घेतला की आई त्याची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन बांधायची, सुटू नये म्हणून. भाचीने आपल्या मनगटाला रिबन बांधली आणि दुसरं टोक डीएसला. तासभर तशीच बसली होती.

आता मुद्द्याचं. सिंथिया. खेळाच्या सुरुवातीला इटर्ना शहरात जी कटचं एचएम हातात देते तीच शेवटी चॅम्पियन म्हणून समोर उभी राहते, आणि तिचा 66 लेव्हलचा पोकेमॉन गार्चॉम्प माझ्या टीमला दोनदा खाऊन गेला. प्रत्येक वेळी तिच्या खोलीआधी सेव्ह करून जात होतो. तीन हजारांचे फुल रिस्टोर, म्हणजे पूर्ण बरं करणारी औषधं, घ्यायचे नाहीत हा माझा नियम, तो मोडायच्या बेतात होतो. दुसऱ्या पराभवात शेवटचा फुगोबा उरला होता. गार्चॉम्पने ड्रॅगन रश मारला, एचपीची पट्टी एका घावात लाल झाली, दुसऱ्यात फुगोबा पडला. पण पडता पडता आफ्टरमॅथने गार्चॉम्पचा पाव एचपी नेला. ज्या क्षमतेला मी उधळपट्टी म्हटलं होतं तिने एवढं केलं. तेव्हा मी थांबून त्या गार्चॉम्पचे चार डाव कागदावर लिहिले: ड्रॅगन रश, अर्थक्वेक, ब्रिक ब्रेक, गिगा इम्पॅक्ट.

भूत असल्यामुळे ब्रिक ब्रेक आणि गिगा इम्पॅक्ट फुगोबाला लागत नाहीत. हवेत असल्यामुळे अर्थक्वेक लागत नाही. चारपैकी तीन डाव शून्य. उरतो एकटा ड्रॅगन रश, त्याची अचूकता 75 टक्के, आणि तो वापरता येतो फक्त दहा वेळा.

तिसऱ्या प्रयत्नात बाकी सगळ्यांनी मिळून तिचे पाच पोकेमॉन पाडले. 57 लेव्हलचा फुगोबा शेवटी उतरवला. कागदावर दहा रेघा मारल्या होत्या, प्रत्येक ड्रॅगन रशला एक खोडायची. पहिला चुकला. मी मिनिमाइज केलं. दुसरा चुकला. पुन्हा मिनिमाइज. चौथा बसला, पट्टी लाल, भाचीने डोळे झाकले. मी औषध दिलं नाही, पुन्हा मिनिमाइज केलं. पाचवा, सहावा, सातवा, तिन्ही हुकले. दहावी रेघ खोडली आणि त्यानंतर गार्चॉम्पने गिगा इम्पॅक्ट केला. परिणाम नाही. अर्थक्वेक. परिणाम नाही. तिचं सगळ्यात भयंकर जनावर समोर उभं राहून वार करतंय आणि तो लाल पट्टीचा फुगा जागच्या जागी वरखाली होतोय. मग शॅडो बॉल, तिने एकदा बरं केलं, पुन्हा शॅडो बॉल, पुन्हा, शेवटपर्यंत. माझा एकही फुल रिस्टोर खर्च झाला नाही, कारण माझ्याकडे तो नव्हताच.

त्या रात्री टिपणात पाचपैकी साडेचार लिहिले. तो अर्धा शुक्रवारसाठी कापलाय आणि तो मी देणार नाही. नोकरी करणाऱ्या, लाईट जाणाऱ्या गावात राहणाऱ्या, जुनी बॅटरी वापरणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकच दिवस देणं हा अन्याय आहे. घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: मार्सला हरवायच्या आधी डीएसची तारीख स्वतः तपासा, दुकानदारावर सोडू नका. बॅटरी काढली असेल तर शुक्रवारच्या किमान दोन दिवस आधी तारीख लावून मोकळे व्हा. वीज मारणारा पोकेमॉन पुढे ठेवू नका. आणि साधे पोके बॉल पुरतात, ग्रेट बॉलचे 600 वाया घालवू नका.

नवी बॅटरी मंगळवारी बसवली. तारीख मी लावली, भाचीने भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली. तिला आता तिचा स्वतःचा हवाय. नाव ठरलंय, मला सांगत नाही. आज गुरुवार, रात्रीचे साडेदहा वाजलेत, डीएस चार्जरला लावलाय आणि नारिंगी दिवा अजून विझलेला नाही. लाईट नऊला जाते. तिची शाळा उद्या दुपारची आहे, आठला ती माझ्याकडे येणार आहे.