पाच हजारांत गच्चीबागेचा ग्रुप वाढवायचा, तर पैसे कुठे लावावेत?

नागपुरात गच्चीवर बाग करणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं, "दीडशे मेंबर आहेत, पाच हजार रुपये बाजूला काढलेत. इन्स्टाग्रामवर जाहिरात लावू की गुगलवर?" हा प्रश्न मला वरचेवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. जाहिरातीवर १८% जीएसटी लागतो. म्हणजे पाच हजारांतले प्रत्यक्ष कामाला येतात साधारण ४,२३७ रुपये.

गुगलची मोठी खुबी ही की माणूस स्वतः काहीतरी शोधत आलेला असतो आणि त्याने क्लिक केलं तरच पैसे जातात. नर्सरीला किंवा कुंड्या विकणाऱ्याला हे फार उपयोगी. पण "नागपूर गच्चीबाग ग्रुप" असं टाइप करणारे किती असणार? ज्या शब्दांचा शोध फारच कमी होतो, त्यांवर गुगल जाहिरात दाखवतच नाही. मग शब्द मोकळे करावे लागतात, म्हणजे नुसतं "गच्चीबाग" किंवा "रोपं" शोधणाऱ्यालाही जाहिरात दाखवावी लागते, आणि रोपं विकत घ्यायला निघालेले लोक तुमच्या पैशावर क्लिक करतात. शिवाय ठिकाणाच्या सेटिंगमध्ये नागपूरबद्दल नुसती उत्सुकता असलेले लोकही आपोआप धरलेले असतात. ते बदलून 'इथे असलेले लोक' एवढंच ठेवलं नाही, तर पुण्यात बसून नागपुरी संत्र्याचं कलम शोधणाराही तुमच्या खर्चात येतो.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या जाहिराती एकाच ठिकाणाहून लावता येतात. तिथला माणूस काहीच शोधत नसतो, त्याला थांबवावं लागतं. "आमच्या ग्रुपमध्ये सामील व्हा" या वाक्याला कुणी थांबत नाही. ताईंच्या ग्रुपवर एकदा रात्री अकराला एकाने कुंडीतल्या लिंबाचा फोटो टाकला. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं आणि कडा कुरतडलेल्या. दहा मिनिटांत उत्तर आलं: ती शीट नाही, लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी आहे, कढीपत्त्यावरही येते, फवारणी नको, हाताने उचला. माझ्या मते जाहिरात हीच. पान, अळी, उचलणारी बोटं, वीस सेकंद. ज्याच्या गच्चीवर लिंबू आहे तो थांबतोच.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिरात किती अंतरापर्यंत दिसावी हे नकाशावर पिन टोचून ठरवता येतं. ४० किलोमीटर ठेवलं की कामठी, बुटीबोरीही आत येतात. गच्चीवर भेटीगाठी करायच्या असतील तर वर्तुळ लहानच बरं. आणि जाहिरातीतून थेट ग्रुपात नेऊ नका. दाबल्यावर तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर चॅट उघडेल अशी जाहिरात लावता येते. तिथे दोनच प्रश्न विचारा: राहता कुठे, गच्चीवर काय लावलंय? ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. तुमच्या भरवशावर आलेल्या बायकांना एका अनोळखी माणसाचे रात्रीचे मेसेज यायला लागले, तर त्या निघून जातात आणि पुन्हा येत नाहीत.

"इतक्या रुपयांत हजार मेंबर" असं सांगणारेही फोन करतात. त्यांच्या वाटेला जाऊच नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात जास्तीत जास्त १,०२४ जण मावतात. ती जागा मुक्यांनी भरली तर बोलणाऱ्यांना कुठे बसवणार?

आणखी एक वाट आहे, जिला कुणी जाहिरात म्हणत नाही. नर्सरीच्या गल्ल्यावर क्यूआर कोडचं छोटं कार्ड, सोबत मूठभर भेंडी-चवळीच्या बियांची पुडी. ज्याच्या हातात रोप आहे त्याच्याच हातात कार्ड जातं. माणसं थोडी येतील, पण ती बोलतील. याची मर्यादाही खरी आहे: वर्दळ असेल तेवढंच काम होतं, आणि कार्ड संपली का हे बघायला कुणीतरी फेरी मारावीच लागते.

म्हणून ताईंना मी असं सांगितलं. गुगल सध्या राहू द्या. २,००० बियांना आणि कार्डांना, ३,००० इन्स्टाग्राम-फेसबुकला. त्या तीन हजारांतले कर वजा जाता २,५४२ उरतात. ते महिनाभर रोज थोडे थोडे टाकू नका. जाहिरात कुणाला दाखवायची हे नीट शिकायला त्या यंत्रणेला आठवड्यात साधारण ५० प्रतिसाद लागतात. म्हणून एकच जाहिरात, सात दिवस. ५० चॅट उघडायच्या तर माणशी ५१ रुपयांच्या आत बसावं लागेल. तीन दिवसांनी आकडा बघा. फारच वर असेल तर वर्तुळ थोडं वाढवा, व्हिडिओ लगेच बदलू नका.

आणि हे मेच्या शेवटच्या आठवड्यात करा. तोवर पंचेचाळीसच्या उन्हात हिरव्या जाळीखालीही अर्ध्या कुंड्या वाळलेल्या असतात, आणि मृग लागायच्या आधी जो तो माती उकरून काय लावावं ते विचारत असतो. आलेल्या प्रत्येकाला नावाने "तुमच्या गच्चीचा फोटो टाका ना" म्हणणारं माणूस मात्र आधी ठरवून ठेवा. ताईंनी शेजारच्या निवृत्त काकांना विचारलंय, ते तयार आहेत.