डेंटिस्टसाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी : कुठे उपयोगी, कुठे अपुरी

दातांचा दवाखाना चालवणाऱ्यांना एजंट जी ‘डॉक्टर्स इन्डेम्निटी’ विकतात, म्हणजे उपचारातल्या निष्काळजीपणाबद्दल रुग्णाने मागितलेली भरपाई भरणारी विमा पॉलिसी, तिचं हे परीक्षण. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या ती देतात, काही खासगी कंपन्याही देतात. कलमांचे शब्द थोडे वेगळे असतात, सांगाडा बराचसा सारखाच. आमचं मत आधीच सांगतो : पॉलिसी हवीच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येणारी सेवा ठरवला, तेव्हापासून एका दाढेचा वाद थेट जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पण बरेच डेंटिस्ट ही पॉलिसी मेडिक्लेमसारखी घेतात. हप्ता बघायचा, रक्कम बघायची आणि सही करायची. मग क्लेम अडकतो तो भलत्याच रकान्यात.

तो रकाना म्हणजे रेट्रोॲक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेपासूनचे उपचार पॉलिसीत धरले जातात ती तारीख. ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ प्रकारची असते. उपचाराच्या दिवशी पॉलिसी होती एवढ्याने भागत नाही. तक्रार येते त्या दिवशीही ती चालू हवी, आणि उपचार रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरचा हवा. समजा, इम्प्लांट (हाडात बसवलेलं कृत्रिम दाताचं मूळ) मार्च २०२३ मध्ये बसवला. २०२४ मध्ये नूतनीकरण राहून गेलं. जानेवारी २०२५ मध्ये स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली आणि त्याच महिन्याच्या शेवटी वकिलाची नोटीस आली. नव्या पॉलिसीत रेट्रोॲक्टिव्ह तारीख जानेवारी २०२५ छापलेली असेल, तर या इम्प्लांटला कुठलंच संरक्षण नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, आणि इम्प्लांट हलायला लागल्याचं किंवा रूट कॅनालमध्ये तुटलेली फाइल (दाताची नळी साफ करायचं सुईसारखं हत्यार) राहिल्याचं रुग्णाला उशिरा कळलं, तर ती मुदत कधीपासून मोजायची यावरच वाद होतो. म्हणून कंपनी बदलताना जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख नव्या शेड्यूलवर (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) छापून घ्या. एजंटने ‘होतंय साहेब’ म्हटलं तरी कागद हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

रक्कम वाचायचीही एक रीत आहे. ‘४० लाखांची पॉलिसी’ म्हणतात तेव्हा तो आकडा अनेकदा पूर्ण वर्षाचा असतो. एओए (एका प्रकरणाची मर्यादा) आणि एओवाय (पूर्ण वर्षाची मर्यादा) यांचं प्रमाण १:४ असेल, तर एका प्रकरणाला १० लाखच मिळतील. बहुतेक पॉलिसींत वकिलाची फीही याच रकमेतून जाते. डेंटिस्टवर एका वर्षात चार मोठे दावे येणं विरळ, एखादाच मोठा दावा येण्याची भीती खरी. त्यामुळे आमचा कौल १:१ ला, फार तर १:२ ला. प्रत्येक क्लेममध्ये स्वतः भरायची रक्कम, म्हणजे कम्पल्सरी एक्सेस, किती आहे तेही विचारून घ्या.

पॉलिसी सर्वांत अपुरी पडते ती अपवादांच्या पानावर. जनरल ॲनेस्थेशिया (पूर्ण भूल) देऊन हॉस्पिटलबाहेर केलेलं दंतकाम अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं. मग दवाखान्यातच दिलेल्या सेडेशनचं (गुंगीच्या औषधाचं) काय? ते लेखी विचारा, ईमेलवर उत्तर घ्या. कॉस्मेटिक सर्जरीच्या कलमाचंही तसंच. व्हीनिअर, बोटॉक्स, फिलर करत असाल तर प्रत्येकाचं नाव घालून खुलासा मागा. करारातून स्वतःहून अंगावर घेतलेली जबाबदारीही सहसा वगळलेली असते. लॅबकडून आलेलं झिरकोनिया कॅपचं ‘१० वर्षं वॉरंटी’ कार्ड आपल्या शिक्क्यानिशी रुग्णाला दिलं, तर ती हमी दवाखान्याची झाली असा अर्थ निघू शकतो. कार्डावर लॅबचंच नाव राहू द्या.

फौजदारी बाजूलाही ही पॉलिसी तोकडी आहे. दंड ती भरत नाही. फौजदारी खटल्यातल्या बचावाचा खर्च काही ठिकाणी वेगळं एक्स्टेन्शन (जोडून घ्यायचं जादा संरक्षण) घेतलं तरच मिळतो. हे एक्स्टेन्शन डेंटिस्टने घ्यावंच, असं आम्ही आग्रहाने सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत. पण तिथे नोंदणीकृत डॉक्टरची व्याख्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याखालच्या पदवी आणि नोंदणीपुरती आहे. डेंटिस्टची नोंदणी होते दंतवैद्यकाच्या वेगळ्या कायद्याखाली. म्हणजे या कमी शिक्षेच्या शब्दांत डेंटिस्ट बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी खटल्यासाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणाची अट घातली आहे, तेवढा आधार आहे.

कंपनी वकील देते, पण त्याच्या हातात द्यायला केसपेपर दवाखान्यातूनच यावा लागतो. खालची अक्कलदाढ काढताना ओठ किंवा जीभ बधिर राहू शकते, हे संमतिपत्रात रुग्णाच्या भाषेत, दाताचा क्रमांक घालून, तारीख-वेळेसह हवं. इंग्रजी छापील फॉर्मवर आधीच घेतलेली सही फारशी टिकत नाही. समीरा कोहली प्रकरणात (२००८) तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. हाच न्याय लावला तर रूट कॅनालसाठी घेतलेल्या संमतीवर दात काढता येणार नाही. चुकीचा दात निघाला तर बचाव जवळजवळ उरतच नाही. ऑर्थोडॉन्टिस्टच्या (वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरच्या) चिठ्ठीत ‘१४’ लिहिलेलं असतं. दातांना क्रमांक देण्याच्या एफडीआय पद्धतीत ती वरची उजवी पहिली उपदाढ, अमेरिकी पद्धतीत वरची डावी पहिली दाढ. आकड्याबरोबर अक्षरातही लिहून घ्या. फाइल तुटली तर त्याच दिवशी एक्स-रे काढून रुग्णाला सांगा आणि सांगितल्याची नोंद करा. पुढे ती गोष्ट दुसऱ्या दवाखान्यात उघड झाली, तर प्रश्न लपवल्याचा होतो.

नोटीस आली की कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. स्वतः उत्तर देऊ नका, केसपेपरवर मागाहून काहीही लिहू नका. ‘चूक झाली, पैसे परत देतो’ असा व्हॉट्सॲप मेसेज पाठवला, तर कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केल्याचं कारण पुढे करून क्लेम नाकारला जाऊ शकतो. आयोगाची नोटीस आली, तर लेखी जबाबाला ३० दिवस, वर फार तर १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत रिसेप्शनच्या खणात पडलेला लिफाफा इथे फार महाग पडतो.

शेवटचा मुद्दा नावांचा. वैयक्तिक पॉलिसी त्या एका डॉक्टरची असते. बाहेरून येणारा ओरल सर्जन, नोकरीवरची बीडीएस सहकारी, सहायक यांच्या कामाची तक्रारही बिलावर नाव असलेल्या दवाखान्यावरच येते. भागीदारी किंवा दोन-तीन खुर्च्यांचं क्लिनिक असेल, तर एस्टॅब्लिशमेंट पॉलिसी, म्हणजे दवाखान्याच्या नावाची, वेगळी घ्या. व्हिजिटिंग डॉक्टरांच्या चालू पॉलिसीची प्रत दरवर्षी फाइलला लावा आणि सहायकांसाठीचं एक्स्टेन्शन शेड्यूलवर छापलेलं आहे का, ते पाहूनच हप्ता भरा.