घर सोडले, कर्ज सुटले नाही

घटस्फोट परस्पर संमतीने होणार, भांडण काहीच नाही, मग दोन वकील कशाला, असा विचार करून मी आणि माझ्या पतींनी मिळून एकच वकील केला आणि त्यांची फी निम्मी निम्मी वाटून घेतली. कागद कोणाच्या सांगण्यावरून तयार होत आहेत, हे विचारण्याचेही मला तेव्हा सुचले नाही.

पिंपरी-चिंचवडमधील आमची सदनिका 2014 साली दोघांच्या नावे घेतलेली होती आणि 32 लाखांच्या गृहकर्जावरही दोघांच्या सह्या होत्या. ठरले असे, की घर त्यांनी ठेवायचे, उरलेले कर्ज त्यांनीच फेडायचे आणि माझ्या हिश्शापोटी मला 8 लाख रुपये द्यायचे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब (परस्पर संमतीने घटस्फोट) खालील पहिला अर्ज दाखल झाला आणि दुसऱ्या अर्जापर्यंतच्या सहा महिन्यांच्या मुदतीत माझ्या पतींनी (कायद्याने ते अजून पतीच होते आणि सगळी मेख त्यातच होती) एक गोष्ट सुचवली. महाराष्ट्रात राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिले तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये पडते. घटस्फोटानंतर तेच नावावर करायचे तर बाजारमूल्यावर शुल्क भरावे लागते. तेव्हा निकालाआधीच तुझ्या हिश्शाचे बक्षीसपत्र नोंदवून टाकू. यात खोटे काहीच नव्हते, म्हणूनच मी निर्धास्त राहिले.

बक्षीस म्हणजे मोबदल्याविना दिलेली वस्तू, त्यामुळे त्या दस्तात 8 लाखांचा उल्लेख येणे शक्यच नव्हते. न्यायालयात दिलेल्या संमतीच्या अटींमध्ये कर्ज ते फेडतील असे होते खरे, पण त्याखालीच ‘उभयतांचे एकमेकांकडे कोणतेही देणे-घेणे उरलेले नाही’ हे वाक्य होते आणि हातात केवळ 2 लाख आलेले असताना मी त्यावर सही केली. कर्जातून माझे नाव कमी झाल्याचा पुरावा मागितला, तेव्हा त्यांनी बँकेचा गोल शिक्का असलेला कागद पुढे केला. तो शिक्का आवक विभागाचा होता, म्हणजे अर्ज पोहोचल्याची निव्वळ पोच. मजकूर न तपासता स्वीकारल्याची बारीक ओळही तिथेच होती. मी शाळेत शिकवते आणि प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असे मुलांना रोज बजावते. एकट्याच्या पगारावर ते कर्ज बसत नसल्याने बँकेने अर्ज नाकारला होता, हे मला फार उशिरा कळले.

निकालानंतर 14 महिने हप्ते भरले गेले आणि मग थांबले. पुढे सरफेसी कायद्याखाली (थकलेले कर्ज तारण मालमत्तेतून वसूल करण्याचा बँकांसाठीचा कायदा) 60 दिवसांची मागणी नोटीस आली, ती माझ्या आईच्या पत्त्यावर, सहकर्जदार म्हणून माझ्या नावाने. शाखाधिकाऱ्यांनी सौजन्यानेच समजावले, की घटस्फोटाचा हुकूमनामा तुम्हा दोघांपुरता आहे, बँक त्यात पक्षकार नाही आणि 1872 च्या करार कायद्याप्रमाणे सहकर्जदारांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागता येते.

अशा वाटणीतून जाणाऱ्यांनी क्रम उलटा होऊ देऊ नये, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे. आधी कर्ज एकाच्या नावे नव्याने मंजूर व्हावे, आपले नाव वगळल्याचे बँकेचे स्वाक्षरीचे पत्र हाती यावे, ठरलेली रक्कम दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायालयातच धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) मिळावी आणि मगच दस्तावर सही करावी; त्यापायी मुद्रांक शुल्क जास्त पडले तरी पडू द्यावे. वकील तर स्वतःचा वेगळाच असावा.

कर्जफेडीच्या अटीच्या अंमलबजावणीसाठी मी कौटुंबिक न्यायालयात दरखास्त दाखल केली आहे; उरलेल्या 6 लाखांबाबत त्या एका वाक्यामुळे वकील फारशी आशा दाखवत नाहीत. दरम्यान पत खराब होऊ नये म्हणून थकबाकी मीच भरली आणि आता दर महिन्याच्या 5 तारखेला 27,800 रुपयांचा हप्ता माझ्या खात्यातून जातो. घरात ते राहतात.