मुंबईची बेघर निवारा केंद्रं: खाट आहे, बिऱ्हाडाचं काय?

एकटा पुरुष असेल, सामान एका पिशवीत मावत असेल आणि काम केंद्राच्या जवळपास असेल, तर ही सोय बरी आहे. बायकामुलं, भांडीकुंडी, हातगाडी असा संसार असेल, तर इथे फारसं काही हाती लागत नाही. आणि मुंबईच्या फुटपाथवर दुसऱ्या प्रकारची माणसं खूप आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेलं माप असं: पाच लाखांवर वस्तीच्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय असलेलं, चोवीस तास उघडं एक केंद्र. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबई १ कोटी २४ लाखांची, म्हणजे सव्वाशेच्या आसपास केंद्रं हवीत. तेवढी कधीच झाली नाहीत. जी आहेत त्यांतली बरीच मुलांसाठी आहेत, त्यामुळे प्रौढांना आणि अख्ख्या कुटुंबांना मिळणारी जागा आणखी कमी.

२०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत कागदावर सगळं आहे. माणशी ५० चौरस फूट, अंघोळ-शौचालय, स्वयंपाकाची जागा, सामानाला कुलूपबंद कप्पा, अंगणवाडीशी जोडणी. राहणाऱ्याच्या उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत शुल्क घेता येतं. आता हिशेब मांडू. ५० जणांच्या केंद्राला चालवण्याच्या खर्चापोटी या नियमांत वर्षाला ६ लाख धरले होते, म्हणजे महिन्याला ५० हजार. पाळ्या लावायच्या तर किमान तीन माणसं लागतात. प्रत्येकाला १२ हजार धरले तरी ३६ हजार तिथेच संपले. उरलेल्या १४ हजारांत वीज, पाणी, साबण, फिनेल, किरकोळ दुरुस्ती आणि ५० गाद्या-चादरींची धुलाई. पहिली काटछाट धुलाईवर होते, मग ढेकूण येतात. एकदा ढेकूण झाले की लोक गुपचूप पुन्हा फुटपाथ धरतात आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो, ‘लोक यायला तयार नाहीत’.

जागेचंही तेच. ५० जणांना २,५०० चौरस फूट लागतात. एवढी जागा दक्षिण मुंबईत कोण मोकळी सोडणार? मग केंद्र उघडतं ते जिथे पालिकेची एखादी इमारत रिकामी पडली असेल तिथे. पण फुटपाथवरचा माणूस तिथे झोपतो तो कामासाठी. दादरचा फूलबाजार पहाटेच्या आधीच जागा होतो. गजरे करणारीला दोन स्टेशनं लांबची खाट काय कामाची? मशीद बंदरचा हातगाडीवाला गाडी रस्त्यावर सोडून आत झोपणार नाही, कारण सकाळी ती जागेवर असेलच असं नाही. जिथे रात्री ठरल्या वेळी दार लागतं, तिथे हॉटेलात भांडी घासून बाराला सुटणारा बाहेरच राहतो. पुरुषांच्या केंद्रात बायकोला जागा नाही, महिलांच्या केंद्रात नवऱ्याला आणि मिसरूड फुटलेल्या मुलाला नाही. एका रात्रीच्या छपरासाठी घर तीन ठिकाणी कोण वाटेल?

तुलनेला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पाहावी. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे एकत्र राहतात, आणि रुग्णालय जवळ आहे. कोणाला, कशासाठी, कुठे जवळ हवं, हे आधी ठरवून केलेली सोय अशी दिसते. सरकारी नियमांतही रुग्ण आणि नातेवाइकांसाठी वेगळी केंद्रं सुचवलेली आहेत. तरी टाटाच्या बाहेर फुटपाथवर झोपणारी माणसं आहेतच.

या सेवेचा खरा उपयोग छपरापेक्षा कागदाला जास्त होतो, आणि तो पुरेसा करून घेतला जात नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधार केंद्रावर चालतं. ते दिल्या तारखेपासून तीन महिनेच वैध असतं. फोटोवर सही आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. खाडाखोड असली की अर्ज परत येतो. म्हणून आधार केंद्राची वेळ आधी घ्यावी, प्रमाणपत्र नंतर.

मतदार नोंदणीला तर केंद्राचीही गरज नाही. नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा नीट लिहायची: अमुक पुलाखाली, अमुक खांबाजवळ, अमुक दुकानासमोर. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून जास्त रात्री तिथे येऊन खात्री करतो. माणूस तिथेच झोपतो हे पटलं तर पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्ज फसतो तो नेमका पावसाळ्यात, कारण जूनमध्ये ताडपत्री दुसऱ्या आडोशाला हललेली असते. अर्ज दिवाळीनंतर करावा.

फुटपाथ मोकळा करायला पालिकेची गाडी येते तेव्हा भांड्यांबरोबर कागदही जातात. हटवण्याआधी पूर्वसूचना देण्याचा मुद्दा १९८५ च्या पदपथवासीयांच्या खटल्यापासून गाजतो आहे, पण गाठोडं उचललं गेल्यावर त्याचा काय उपयोग? मूळ कागद केंद्राच्या कप्प्यात आणि अंगावर प्रत, अशी सोय राहायला न येणाऱ्यांनाही दिली तर खर्च एका लोखंडी कपाटाचा आहे.

गुण: एकट्यासाठी १० पैकी ६, कुटुंबासाठी २.