मोठी बॅटरी ६४ टक्के, गाडी ठप्प: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या महिन्यात माझी इलेक्ट्रिक गाडी तीन आठवडे जागेवर उभी होती. निघायच्या दिवशी सकाळी रिमोट दाबला, तर काहीच हालचाल नाही. दारं उघडेनात. आदल्या रात्री ॲपवर बॅटरी ६४ टक्के दिसत होती. रिमोटच्या पोटातली किल्ली काढून दार उघडलं, पण स्क्रीन काळी ती काळीच.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, "मोठा बिघाड असेल, फ्लॅटबेड ट्रकवर घालून आणा." तो ट्रक कधी पाठवणार, याचं उत्तर दोन दिवस मिळेना. शेवटी एका बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून मल्टिमीटर लावला: १२ व्होल्टची छोटी बॅटरी ९.४ व्होल्टवर आलेली. जम्पर केबल लावली आणि गाडी मिनिटभरात सुरू!

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून जो तो मोठ्या बॅटरीबद्दल विचारतो. किती वर्षं टिकेल, बदलायला किती खर्च, पावसात चार्जिंग केलं तर शॉक बसेल का. (बसत नाही. प्लग नीट बसून गाडी आणि चार्जरची आपसात खातरजमा होईपर्यंत करंट सुटतच नाही.) त्या छोट्या बॅटरीबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही, आणि रस्त्यात अडकवणारी तीच आहे. मोठ्या बॅटरीतला करंट मोटरकडे सोडणारे कॉन्टॅक्टर या १२ व्होल्टवर जोडले जातात. कुलपं, स्क्रीन, गाडीतले संगणक, सगळं तिच्यावर. ती बसली की कोठार भरलेलं असूनही दाणा हाती लागत नाही.

रागाच्या भरात मी लांबलचक तक्रार लिहिली होती. मग मॅन्युअल नीट वाचलं. दर वेळी ॲप उघडलं की झोपलेली गाडी जागी होते आणि तेवढा वेळ १२ व्होल्टची बॅटरी खर्च होते. मी टक्के बघायला दिवसातून पाच-सहा वेळा ॲप उघडत होतो. तक्रारीतला अर्धा भाग खोडला. उरलेला अर्धा कायम आहे: छोटी बॅटरी उतरत चालली असताना त्याच ॲपने साधी सूचना देऊ नये? काही गाड्या उभ्या असतानाही मोठ्या बॅटरीतून छोटी भरून घेतात, मग माझीत ती सोय का नाही? मोठ्या बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी, पण ही "झिजणारी वस्तू" म्हणून अकराव्या महिन्यात नवीन बॅटरीचे पैसे माझ्याच खिशातून गेले. हे मला अजिबात पटलेलं नाही.

बाकी गाडीवर मी खूश आहे. ताशी ८०च्या आसपास चालवली की फुल चार्जमध्ये ३१० किलोमीटर मिळतात, ११०ला २४०च्या पुढे जात नाही. वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्याला इलाज नाही. खर्चाचा हिशोब मात्र स्क्रीनवरच्या आकड्यावर करू नका. मी चार्जिंगला वेगळा मीटर लावलाय: मीटरवर १०० युनिट पडले की बॅटरीत ८७-८८ पोचतात. साध्या १६ अँपिअर सॉकेटवर घट जास्त, ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर थोडी कमी, कारण गाडीतली यंत्रणा कमी तास चालू राहते. रीजनमुळे (वेग कमी करताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत भरते) ब्रेक फारसे लागत नाहीत, त्यामुळे उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. निघाल्यावर रस्ता मोकळा बघून चार-पाचदा दाबले की जातो.

आता ॲप मी चार्जिंगपुरतंच उघडतो. परवा आठ दिवसांनी गाडी काढायच्या आधी मोजलं, १२.५ व्होल्ट होते. जम्पर केबल घेऊन ठेवली आहे, पण डिकीत नाही, घरात. डिकीचं कुलूपही त्याच बॅटरीवर उघडतं.