बडोद्याच्या दांडिया बाजारातला अपघात-प्रथमोपचार वर्ग: नजर तयार होते, हात कोरडेच राहतात

आमच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या रोज अहमदाबाद एक्सप्रेसवेवर असतात, म्हणून ड्रायव्हरांना घेऊन या वर्गाला गेलो. संस्था खासगी, वर्ग एका दिवसाचा. शिकवणं गुजराती-हिंदी-मराठी मिसळून, म्हणजे अगदी बडोदेकरी. कोणाचंच अडलं नाही.

सकाळच्या सत्रातच पैसे वसूल. एकदम पुष्कळ जखमी असले तर आधी कोणाला पाहायचं, याची १९८३ सालची कॅलिफोर्नियातली 'स्टार्ट' पद्धत शिकवतात. "चालता येतं त्यांनी तिकडे जा" अशी हाक द्यायची; गेले ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा मनगटाला नाडी लागत नाही, किंवा "डोळे मिटा" एवढंही कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे सगळ्यांत आधी. बाकीचे पिवळे, लालनंतर. श्वासच नाही आणि हनुवटी उचलूनही आला नाही, तर काळी चिठ्ठी.

इथे आमचा एक ड्रायव्हर अडला. काळी लावून माणसाला टाकून जायचं? शिकवणाऱ्या ताई बरीच वर्षं अँब्युलन्सवर होत्या. त्यांनी प्रवचन न देता घड्याळ लावलं आणि एकेका 'जखमी'ला अर्धं मिनिट दिलं. ओरडणाऱ्याकडे धावणारा हा गडी दुसऱ्या फेरीत मुकाट पडलेल्याकडे आधी वळला. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे, हे त्याला आपोआप उमगलं.

रक्त नीट फिरतंय का हे कळायला नख दाबून सोडायचं आणि रंग दोन सेकंदांत परततो का पाहायचं, हेही दाखवलं. पण एसी इतका गार की धडधाकट माणसांची नखंसुद्धा पांढरीच राहत होती! थंडीत ही खूण फसवते, हे ताईंनीच सांगितलं.

म्हाताऱ्यांबद्दलची माहिती मला नवी होती. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला की गंभीर, पण पासष्टीपुढे ११० च्या खालीच सावध व्हायचं. यात्रेच्या बसवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुपारी मात्र घसरगुंडी. सेव-उसळ झकास, पण टूर्निकेट अख्ख्या वर्गात एकच. रक्त थांबवायचा पट्टा बघून येतो का? आवळून, वेळ लिहून, स्वतःच्या हातांनी करावा लागतो. आमच्यातल्या निम्म्यांची पाळीच आली नाही, आणि शेवटचा तास स्लाइड्समध्ये गेला. जाणार असाल तर फी भरण्याआधी टूर्निकेट किती आहेत ते विचारा. गाडी लांब लावा. गल्लीत दुचाकीलाही जागा नाही.