सेवेचे तास: अ‍ॅप गेलं, स्प्रेडशीट राहिली

स्वयंसेवेचे तास नोंदवायला घेतलेलं अ‍ॅप मी काढून टाकलं. बिल्ले आणि अभिनंदनाचे फुगे भरपूर, पण समन्वयकाच्या सहीला जागाच नाही. आणि सहीशिवाय ते तास धरणार कोण? आता साधी स्प्रेडशीट: तारीख, काम, सुरुवात, शेवट, कुणाच्या देखरेखीखाली. वजाबाकी तीच करते. बेरजेच्या रकान्याला मात्र ‘कालावधी’ हा फॉरमॅट द्याच. नाहीतर 24 तासांनंतर आकडा पुन्हा शून्यावर येतो आणि महिनाभर राबलेला माणूस दीड तासाचा पाहुणा दिसतो! काम मध्यरात्र ओलांडत असेल तर दोन ओळी करा. प्रवासाचा वेळ वेगळा लिहा, सगळ्या संस्था तो धरत नाहीत. फोनवर रकाने बारीक, बोटं चुकतात. तरी चार तारे.